चुंबक मेल्याचा वास येत नाही

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आईचा फोन येतो. थंडी, गुडघे, कोणाकडे पाहुणे आले हे सगळं सांगून झाल्यावर ती सहज म्हणते, "हरभरा फुलोऱ्यात आला वं इकडे. पाणी देऊन राह्यले लोकं." एवढंच. पुढे ती आणखी काही सांगत असते, मी हो हो करत असते, पण त्यातलं काहीच माझ्यापर्यंत पोचत नाही. फोन ठेवून मी खिडकीशी जाऊन उभी राहते. नवरा विचारतो, काय झालं? मी म्हणते, काही नाही, हरभरा फुलला. तो हसतो. त्याला वाटतं मला माहेरची आठवण आली.

पुण्यात हरभऱ्याचं फूल कोणी पाहत नाही. इथे हरभरा येतो तो जानेवारीत, डहाळ्यांच्या जुड्या बांधून, कोपऱ्यावरच्या हातगाडीवर. फूल मुळात दिसायलाच लहान. जांभळट गुलाबी, चिमणीच्या डोळ्याएवढं. वाकल्याशिवाय दिसत नाही आणि शेतात उभं राहून नुसतं पाहिलं तर सगळा पट्टा हिरवाच वाटतो. पण त्या आठ-दहा दिवसांत पाणी मिळालं तर घाटे, हरभऱ्याच्या त्या फुगीर शेंगा, भरतात, नाही मिळालं तर फूल गळतं. हरभरा कोणाची वाट पाहत नाही. हे मला लहानपणापासून माहीत होतं, जसं सगळ्यांना माहीत असतं, तसं. त्या वर्षी मात्र ते वेगळ्या रीतीनं कळलं.

त्या वर्षी मला सातवा महिना होता. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून दिवाळीनंतर अनसिंगला आले. रजा सुरू व्हायला अजून वेळ होता, कंपनीनं घरून काम करायची मुभा दिली होती. मी पंपाच्या मोटरी बनवणाऱ्या कंपनीत काम करते. मोटर आतून कशी असावी, लोखंडाला खाचा किती, तांबं किती, चुंबक केवढं, कुठे बसवायचं, हे संगणकावर आधी मांडून पाहायचं आणि मग ती बनवायला द्यायची, हे माझं काम. आईच्या जुन्या शिलाई मशीनच्या पाटावर लॅपटॉप मांडला होता. मोबाइलची रेंज घरात फक्त त्या पूर्वेच्या खिडकीशी यायची. त्यामुळे मी दिवसभर तिथेच, एक हात पोटावर, एक हात कीबोर्डवर. खिडकीतून सोयाबीनच्या कुटाराचा, मळणीनंतरच्या भुशाचा, ढीग दिसायचा आणि दुपार झाली की त्याचा तापलेला, धुळकट वास आत यायचा.

आईनं एकदा विचारलं, "काय करून राह्यली तू दिवसभर? ते रंगीत रंगीत काय हाय?"

पडद्यावर मोटरचा आडवा काप होता. हजारो लहान लहान त्रिकोणांत चिरलेला. प्रत्येक त्रिकोणात चुंबकत्वाचा जोर किती, ते संगणक मोजतो आणि रंगानं दाखवतो. कमी तिथे निळा, जास्त तिथे लाल. मी तिला सांगितलं, हे मोटरचं लोखंड. आणि दुसरी खिडकी उघडून दाखवलं, हा सोलर पंपाच्या डब्याचा नकाशा. पाट्यांवरून आलेली वीज हा डबा सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करून मोटरला देतो. डब्याचा हिशेब करणारा प्रोग्रॅम वेगळा, लोखंडाचा वेगळा. डब्याचा प्रोग्रॅम धरून चालतो की मोटर साधी आहे, सारखीच वागते. लोखंडाचा प्रोग्रॅम धरून चालतो की डब्यातून येणारी वीज गुळगुळीत आहे. दोन्ही आपापल्या जागी बरोबर. मी आता ते दोन्ही एकमेकांना जोडतेय. क्षणाक्षणाला हा त्याला सांगणार की एवढी वीज दिली, तो याला सांगणार की मग मी असा वागलो.

आईनं पडद्याकडे वाकून पाहिलं. मग म्हणाली, "म्हंजे आतापावतर दोघायले येगयेगळंच विचारून राह्यले होते? सोयरीक जुळवताना बी समोरासमोर बसवते लोकं."

मी हसले. पण हसू पुरतं आलं नाही, कारण मोटर आधीच शेतात गेली होती.

तीन मोटरी. कंपनीनं चाचणीसाठी दिवाळीच्या आधीच बसवल्या होत्या. दोन्ही हिशेब वेगवेगळे बरोबर आले होते, कारखान्यात चार तासांची चाचणी पार पडली होती, आणि ओलिताचा हंगाम कोणाला गमवायचा नव्हता. जोडून केलेला हिशेब हा अहवालात लावायला, सवडीनं करायचं काम म्हणून माझ्याकडे आला होता. तीन मोटरींपैकी एक इंझोरीला, एक दूर दुसऱ्या जिल्ह्यात आणि एक आमच्याच गावात, देवकामावशीच्या विहिरीवर. ती जागा मी सुचवली होती.

देवकामावशी आईची मैत्रीण. तिचा नवरा एसटीत ड्रायव्हर, कारंजा डेपोला. सुट्टीला येतो, जेवतो, झोपतो, जातो. शेत मावशीच पाहते, जावेला हाताशी घेऊन. बसकी, काळीसावळी, बोलायला सरळ. मी सुचवलं तेव्हा तिनं एकच विचारलं होतं, "तू बनवली हाय का?" मी म्हटलं, मी आणि आणखी चौघांनी. "तू हायेस ना? मंग बसव." मोटर बसली त्या दिवशी मीही पुण्याहून आले होते; तिनं डब्याला हळद-कुंकू लावलं, नारळ फोडला आणि पहिलं पाणी आलं तसं स्प्रिंकलरच्या खाली उभी राहून भिजली. सकाळच्या उन्हात पंधरा नोझल फिरत होते, टक्-टक्-टक् करत, आणि प्रत्येकाभोवती एक लहानसं इंद्रधनुष्य. मी व्हिडिओ काढून ऑफिसच्या ग्रुपवर टाकला. सगळ्यांनी अंगठे दाखवले.

जोडलेला हिशेब पहिल्यांदा पूर्ण झाला तो दिवस मला आठवतो तो वासासकट. आई कढी फोडणीला टाकत होती. पडद्यावर विजेची लाट उमटली. ती लाट गुळगुळीत यायला हवी होती, थोडीफार खरबरीत चालली असती. आली ती करवतीसारखी. प्रत्येक चढावर दाते. दुपारी ऊन पूर्ण असताना, मोटर पूर्ण जोर लावत असताना, लोखंड भरून जात होतं. त्यात चुंबकत्व मावेनासं झालं की विजेला अडवायची त्याची ताकद कमी होते, मग डब्याचा प्रत्येक चालू-बंदचा धक्का आत घुसतो. त्या धक्क्यांनी चुंबक तापतं. आणि हे चुंबक एका हद्दीपलीकडे तापलं, वर उलटा धक्का बसला, की त्याचा जोर कायमचा थोडा कमी होतो. दुसऱ्या दिवशी आणखी थोडा.

मी नाडकर्णी सरांना फोन लावला. ते आमच्या गटाचे प्रमुख. शांत माणूस, चिडले तरी आवाज न चढवणारे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"अर्चना, आधी तुमची जोडणी तपासा," ते म्हणाले. "दोन प्रोग्रॅम एकमेकांना निरोप देतात तेव्हा एक पाऊल उशिरा देतात. त्या उशिरामुळेही असे दाते दिसतात. मोटरमध्ये नसतात, हिशेबात असतात."

ते चूक बोलत नव्हते. माझी झोप उडवली ती नेमकी याच गोष्टीनं. दोष मोटरचा की माझ्या जोडणीचा? करवत खरी की मीच काढलेली? ते ओळखायचा एक रस्ता होता: हिशेब वेळेच्या ज्या बारक्या पावलांनी पुढे सरकतो ते पाऊल निम्मं करून तो पुन्हा लावायचा. उशिरामुळे आलेले दाते असतील तर तेही निम्मे होतील. खरे असतील तर राहतील. पण पाऊल निम्मं म्हणजे वेळ दुप्पट नाही, त्याहून जास्त. पुण्यातल्या संगणकावर हिशेब लावला आणि खिडकीशी उभी राहून टक्केवारी सरकताना पाहू लागले. नऊ टक्के. अकरा टक्के. रेंज गेली. रेंज आली. अकराच.

"पोट घेऊन खिडकीत काहून उभी राह्यते तू?" आई ओरडायची. "डॉक्टरनं टेन्शन घेऊ नको म्हणून सांगतलं ना तुले!"

मी बसायचे. पोटातलं बाळ हलायचं. मला वाटायचं याला कळतंय. मग वाटायचं, काय कळणार, हलण्याचेच दिवस आहेत त्याचे. बाहेर शेतांतून स्प्रिंकलरचा आवाज यायचा, एकाचा नाही, चार-पाच वावरांचा मिसळलेला, आणि त्यात देवकामावशीचा कोणता ते मी कानानं शोधायचे. बंद पडला नाही ना? चालू आहे म्हणजे आत चुंबकाचा जोर थोडा थोडा जातोय का? चालू असलं तरी भीती, थांबलं तरी भीती.

हिशेब संपला तो माझ्या डोहाळजेवणाच्या दुपारी. मला हिरवं लुगडं नेसवलं होतं, केसांत, दंडात, कमरेला फुलांचे दागिने. ओसरीत गल्लीतल्या बाया दाटीवाटीनं बसल्या होत्या. दोन झाकलेल्या वाट्या माझ्यापुढे ठेवल्या, एकीत पेढा, एकीत बर्फी, उचल म्हणाल्या. मी हात पुढे केला आणि मांडीखालचा फोन थरथरला. वाटी उचलायच्या आधी मी फोन पाहिला. बाया हसल्या, "नवऱ्याचा हाय वाट्टे!"

दाते कमी झाले होते, पण गेले नव्हते. निम्म्याहून बरेच जास्त उरले होते. म्हणजे थोडे माझे, थोडे मोटरचे. आणि मोटरचे किती ते सांगायला अजून निम्मं पाऊल, अजून बरेच दिवस.

"उचल वं," कोणीतरी म्हणालं. मी उचलली. बर्फी निघाली. टाळ्या झाल्या. मग ओटी भरायला देवकामावशी पुढे आली. तिचे हात हरभऱ्यात काम करून चिरले होते. हरभऱ्याच्या पाल्यावर आंब असते, ती बोटांना चावते, भेगांत जाते. त्या हातांनी तिनं माझ्या पदरात गहू घातले, खोबऱ्याची वाटी, हळकुंड, सुपारी. मग माझ्या कानशिलांवरून बोटं उतरवून स्वतःच्या डोक्याशी कडाकडा मोडली. "भल्लं तेज आलं व तोंडावर," ती म्हणाली. मला घाम आला होता.

संध्याकाळी सरांशी बोलले. ते म्हणाले, आता मोजमापच करावं लागेल. पुढच्या आठवड्यात माणूस यंत्र घेऊन येईल. तोवर ग्राहकांना काही सांगू नका. "खात्री नसताना घाबरवणं बरोबर नाही. आणि कारखान्यात काही आढळलं नव्हतं, हे विसरू नका."

"इंझोरीला आणि तिसऱ्या ठिकाणी निदान सांगून ठेवू का?"

"मोजमाप होऊ द्या."

मी बरं म्हटलं. खरं सांगायचं तर मला त्या क्षणी हायसं वाटलं. नाही सांगायचं, हे दुसऱ्या कोणीतरी ठरवलं होतं.

पण देवकामावशीचं शेत दीड किलोमीटरवर होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी रहीमभाईंकडे गेले. एसटी स्टँडजवळ त्यांचं मोटर वायंडिंगचं दुकान. सगळ्या पंचक्रोशीच्या जळालेल्या मोटरी तिथे येतात. दारातच वार्निशचा आणि करपलेल्या तांब्याचा वास. लहानपणी मी तिथे उभी राहून तांब्याची तार गुंडाळताना पाहायचे. मोटर आतून कशी असते ते मी पहिल्यांदा कॉलेजात नाही, त्यांच्या फळीवर पाहिलं. आता दाढी पूर्ण पांढरी, चष्मा दोरीला बांधलेला.

"बेटा, या हालतीत कायले आली? मले बोलावलं असतं," ते म्हणाले आणि स्टूल पुसून दिलं. मी सगळं सांगितलं. त्यांनी विजेचा प्रवाह मोजायचं क्लॅम्प मीटर आणि एक लांब स्क्रूड्रायव्हर पिशवीत टाकला आणि ओळखीच्या ऑटोवाल्याला हाक मारली.

दुपारी बारा. थंडीचं ऊन, स्वच्छ, काचेसारखं. सोलरच्या पाट्यांना हेच सगळ्यात मानवतं, पाट्या थंड राहतात आणि वीज जास्त देतात. विहिरीच्या काठाला मोटर पूर्ण जोरात चालली होती. रहीमभाईंनी मीटर लावलं. आकडा नेहमीसारखाच. मीटर सरासरी सांगतं, दाते सांगत नाही, हे मला माहीत होतं, तरी मन त्या आकड्याला धरून बसू पाहत होतं. मग त्यांनी स्क्रूड्रायव्हरचं टोक मोटरच्या अंगाला टेकवलं, मूठ कानाला लावली, डोळे मिटले. बराच वेळ.

"मधात मधात घुरघुरून राह्यली," ते म्हणाले. मग तळहात ठेवला. "आंग गरम हाय. पन गरम तं साऱ्याच राह्यतात."

"बिघडेल का?"

"बेटा, मी तांब्याचा मानूस. तांबं जळलं तं वास येते, धूर येते, चार वावरं दुरून समजते. तुह्या मोटरीत चुंबक हाय. चुंबक मेलं तं वासबी येत नाही. मी काय सांगू?"

देवकामावशी हरभऱ्यातून येताना दिसली. साडीचा काठ आंबेनं ओला, पायांना चुरचुर होते म्हणून मोजे घातलेले. मी काठावर बसले होते; उठायला गेले तर तिनं हातानंच बस म्हटलं.

"मावशी, मोटरमध्ये कदाचित दोष आहे."

"कदाचित म्हंजे?"

"माझ्या हिशेबात दिसतोय. पण हिशेबच थोडा चुकलेला असू शकतो."

"तुले पक्कं ठावं हाय का?"

"नाही."

"कधी पक्कं होईन?"

"आठ-नऊ दिवसांत."

तिनं मागे वळून वावराकडे पाहिलं. "आठ दिवस हे फूल थांबते का वं, अर्चे?"

रहीमभाई मोटरकडे पाहत राहिले. नोझल फिरत होते, टक्-टक्-टक्. मावशी रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसती उभी होती, मी आता काय म्हणते याची वाट पाहत, जणू मी काहीतरी म्हणणार हे तिनं गृहीतच धरलं होतं.

तेव्हा मी जे केलं ते करायचा मला अधिकार नव्हता. डब्याच्या आत मोटरच्या वेगाची वरची हद्द ठरवलेली असते. तो आकडा बदलायचा पासवर्ड माझ्याकडे होता. मी वेग खाली आणला. लोखंड भरून जाणार नाही इतका खाली. मोटरचा आवाज लगेच उतरला. नोझल अडखळले, अर्धे फिरायचे थांबले, पाणी जागच्या जागी गळू लागलं.

"आता पंधरा नोझल चालणार नाहीत," मी म्हटलं. "आठच लावायचे. पाणी सगळ्याला पोचेल, पण पाईप दुप्पट वेळा हलवावे लागतील."

मावशीनं जावेला हाक मारली. "ये वं इकडे. पाईप काढा लागते." बस, एवढंच. मग त्या दोघी पाईप सोडवू लागल्या. पुढचे नऊ दिवस त्या दोघींनी चिखलातून, ओल्या हरभऱ्यातून ते पाईप खांद्यावर घेऊन दिवसातून सहा-सहा वेळा हलवले. मी दोनदा गेले. पाईपाला हात लावू देईनात. काठावर बसून, पाय लोंबकळत ठेवून, दोन बाया माझ्या शंकेपायी वाकताना पाहत होते. शंका खोटी निघाली तर? तर हे सगळं फुकट. खरी निघाली तर? तर मी पहिल्यापासून चुकले. दोन्हीकडून मला सुटका नव्हती.

सरांना मी त्याच संध्याकाळी लिहून कळवलं. त्यांचा फोन आला. "ग्राहकाच्या शेतात तुम्ही परस्पर हात घातलात," ते म्हणाले, आवाज न चढवता. "हे मला वर सांगावं लागेल." मी म्हटलं, सांगा. नंतर खिडकीशी उभी राहिले, आणि नोकरी गेली तर रजेचं काय, बाळंतपणाचं काय, नवऱ्याला काय सांगू, हे सगळं एकाच वेळी डोक्यात आलं. इंझोरीचा विचार आला का? आला. तिथल्या शेतकऱ्याचा नंबर माझ्या यादीत होता. मी यादी उघडली, नंबर पाहिला आणि यादी मिटली. एकाच ठिकाणी आज्ञा मोडली होती, पुरे झालं, असं मनाला सांगितलं. शिवाय त्यांना मी ओळखत नव्हते. त्यांनी विचारलं असतं, पक्कं आहे का? मी परत नाही म्हटलं असतं.

दहाव्या दिवशी माणूस यंत्र घेऊन आला. मावशीच्या विहिरीवर वेग थोडा वेळ पुन्हा पूर्ण केला आणि यंत्राच्या पडद्यावर विजेची लाट पाहिली. दाते होते. माझ्या पहिल्या हिशेबाहून लहान, दुसऱ्याहून किंचित लहान, पण होते. सरांना फोटो पाठवला. पाच मिनिटांनी उत्तर आलं: "बाकी दोन्ही ठिकाणी वेग कमी करून घ्या. आजच."

तिसऱ्या ठिकाणची विहीर तासाभरातच आटायची, मोटरला पूर्ण जोर लावायची वेळच यायची नाही, म्हणून ती वाचली होती. इंझोरीचा फोन लागला तेव्हा पलीकडून तिथले शेतकरी गजाननभाऊ म्हणाले, "बाई, तुमी उशीर केला. चार दिवसापासून पानीच फेकून नाही राह्यली ते. मी तुमच्या ऑफिसात दोनदा फोन केला."

जानेवारी लागला होता तेव्हा मी इंझोरीला गेले. आई नको म्हणत होती, आठवा सरत आला होता. पण कंपनीची गाडी नवी मोटर घेऊन त्याच दिवशी जाणार होती आणि मी आत बसले. मंगरुळपीरवरून पुढे दोन्ही बाजूंना हरभरा, घाटे भरत आलेले, काही ठिकाणी गव्हाचा कोवळा पट्टा. गजाननभाऊ पन्नाशीचे, उंच, डोक्याला मफलर. जुनी मोटर तिथेच उघडली. तांबं झकास होतं, लालसर, चकचकीत, जणू कालच गुंडाळलेलं. तंत्रज्ञानं चुंबकाला लोखंडी पट्टी लावून दाखवली. पट्टी चिकटली, पण सहज निघाली. वास कसलाच नव्हता.

गजाननभाऊंनी वावराच्या मधल्या पट्ट्यातून एक झाड उपटून आणलं आणि माझ्या हातात दिलं. घाटे होते, दाबले की आत हवा. एखाद्यात एक बारका दाणा.

"असं हाय," ते म्हणाले. "कडेचं भरलं. मधातलं फुलोऱ्यात कोरडं राह्यलं."

मी सांगितलं की आमच्या गावातल्या मोटरचा वेग मी आधीच कमी केला होता. हे सांगायला नको होतं, पण न सांगता तिथे उभंही राहवेना.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तवा तुमाले ठावं होतं?"

"खात्री नव्हती."

"पन त्यायले सांगतलं."

"हो."

"माहा नंबर होता तुमच्यापाशी?"

"होता."

त्यांनी मफलर सोडून पुन्हा बांधला. रागावले नाहीत, असं मी म्हणणार नाही. राग कुठेतरी आत गेला आणि तिथेच राहिला. घरातून त्यांची बायको बाहेर आली, मला पाहून म्हणाली, "पोटुशी बाई हाय, उन्हात कायले उभी ठेवता? बसा वं ताई." तिनं पाणी दिलं. मी प्यायले. परतीच्या वाटेवर ते झाड माझ्या मांडीवर होतं. ते कुठे टाकून द्यावं ते कळेना.

फेब्रुवारीत मुलगी झाली. नोकरी गेली नाही. सरांनी वर काय सांगितलं ते मला कधी कळलं नाही. मीही विचारलं नाही. चुंबकाची जागा बदलली, लोखंडाच्या खाचा बदलल्या, डब्याचा चालू-बंदचा वेग बदलला आणि आता आमच्याकडे कुठलीही मोटर दोन्ही हिशेब एकत्र जोडल्याशिवाय शेतात जात नाही. देवकामावशीचा हरभरा त्या वर्षी चांगला झाला. तिनं आईकडे एक पोतं डाळीचं पाठवलं. माझ्या मुलीच्या बारशाला ती आली, बाळाला मांडीवर घेतलं, पाळणा म्हटला. मोटरचा विषय तिनं काढला नाही. मीच काढला, तर म्हणाली, "झालं ना पानी? मंग?" तिच्यासाठी ते झालं होतं.

लोक म्हणतात, काळजी केली म्हणजे काम चोख होतं. मला तसं वाटत नाही. मी त्या वर्षी दीड महिना काळजीच केली आणि ती सगळी खिडकीत उभी राहून केली. एक फोन मात्र केला नाही. काळजी आणि सांगणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे कळायला मला एक पोचट घाटा हातात घ्यावा लागला. खात्री होण्याची वाट पाहत राहणं फार सोयीचं असतं. त्या वाटेवर आपण प्रामाणिक दिसतो.

या डिसेंबरातही आमच्या पाच नव्या मोटरी शेतांत चालल्या आहेत. परवा एका बेअरिंगबद्दल हिशेबात काहीतरी खटकलं. फार नाही. कदाचित आकडेवारीचा दोष. माणूस मोजमापाला पुढच्या आठवड्यात जाईल. मी यादी काढली आणि पहिला नंबर लावला. पलीकडे एक तरुण माणूस होता, मागे नोझलचा आवाज येत होता. मी सगळं सांगितलं, कमी-जास्त न करता.

"पक्कं हाय का, मॅडम?"

"नाही."

"मंग कायले भेव दाखवून राह्यल्या?" तो वैतागला. "मी इथं पानी देऊ का तुमचं आयकू?"

"पाणी द्या. फक्त दुपारी मोटरला कान लावून पाहा. घरघर वाटली तर मला लगेच फोन करा, कधीही."

तो काहीतरी पुटपुटला आणि फोन ठेवून दिला. मी पुढचा नंबर लावला.